आधी कप, मग तसबीर

जुलै २०२४ मध्ये नेरळला एक घरफोडी झाली. घरची माणसं काही दिवस बाहेरगावी होती. बंद घर बघून चोर शिरला आणि टीव्हीसकट बरंच काही घेऊन गेला. राहिलेलं न्यायला पुन्हा आला, तेव्हा भिंतीवरच्या फोटोवर आणि मानचिन्हांवर त्याची नजर गेली. घर कवी नारायण सुर्व्यांचं आहे हे कळल्यावर त्यानं नेलेल्या वस्तू परत आणून ठेवल्या आणि माफीची चिठ्ठी भिंतीला चिकटवून गेला. बातमी पेपरात आली त्या रविवारी मी ती आमच्या वाचनाला येणाऱ्या पोरांना वाचून दाखवली. चोराचं सगळ्यांनाच कौतुक वाटलं. मग सातवीतल्या एकीनं विचारलं, "ताई, पण सुर्वे कोण?"

आमच्या कर्जतहून नेरळ दुसरं स्टेशन. उत्तरायुष्यात सुर्वे तिथे राहिले. चोराला ते माहीत होते आणि आमच्या पोरांना नव्हते, ही माझी नामुष्की. त्या दिवसापासून मी या कामाला जरा नेटानं लागले. ज्या काळात काही माणसांना पाणवठा, शाळेतली पंगत आणि देवळाची पायरी बंद होती, त्या काळात त्याच माणसांतून आलेल्या लेखक, शाहीर, खेळाडूंची मुलांशी ओळख कशी करून द्यायची, याचे माझे चुकतमाकत झालेले प्रयोग इथे सांगते. पालक, शिक्षक, गावातलं वाचनालय चालवणारी मंडळी, ज्यांना हवं त्यांनी उचलावं.

सुर्व्यांपासूनच सुरू केलं. परळच्या गिरणी कामगार गंगाराम सुर्वे आणि काशीबाईंनी रस्त्यावर सापडलेलं एक तान्हं मूल घरी आणलं, त्याला आपलं नाव दिलं, चौथीपर्यंत शिकवलं. गंगाराम नोकरीतून मोकळे झाल्यावर दोघं कोकणात गावी गेले आणि पोरगा मुंबईत एकटा राहिला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार, शाळेतला शिपाई असं करत करत तो शाळेतच मास्तर झाला. १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह आला आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. एवढं सांगून झाल्यावर मी मुलांना विचारलं, "या मुलाचं नाव शाळेत घालताना जातीच्या रकान्यात काय लिहायचं?" एकदम शांतता. मग एक जण म्हणाला, "कायच नाही लिहायचं." दुसरा म्हणाला, "असं चालत नाही, फॉर्म परत येतो." पुढचा अर्धा तास मला काही बोलावंच लागलं नाही.

यातून मला एक गोष्ट कळली. आपण या माणसांची ओळख उलट्या टोकानं करून देतो. आधी भिंतीवर तसबीर, तिला हार, मग तीन मिनिटांचं भाषण, त्यात 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' हे तीन शब्द ठरलेले. मुलाच्या हाती काहीच लागत नाही. प्रतिकूल परिस्थिती म्हणजे नेमकं काय? कोणी निर्माण केली? कुठल्या दारात, कुठल्या भांड्यात, कुठल्या नळावर? हे सांगितलं नाही तर मूल समजतं की पाऊस जास्त झाला असावा. म्हणून माझा नियम असा: आधी त्या माणसाचं काम दाखवायचं, मग त्याच्या वाटेत आलेली एक वस्तू, आणि तसबीर सगळ्यात शेवटी.

क्रिकेट ज्यांच्या अंगात आहे अशा मुलांसाठी बाळू पालवणकर. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. त्या सरावानं तो इतका तयार झाला की पुण्याच्या हिंदूंच्या संघाला त्याला घेतल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूनं ११४ बळी घेतले. हा आकडा आधी सांगा. मुलं लगेच हिशेब मांडायला लागतात, कुठल्या गोलंदाजाशी तुलना करायची यावरून भांडतात. भांडू द्या. मग हळूच सांगा की पुण्यात हाच बाळू स्वतःच्या संघातून खेळताना चहाच्या सुटीत आत येऊ शकत नव्हता. त्याला चहा बाहेर मिळायचा, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा, त्याला विटाळ नव्हता. कपाला होता.

इथे मुलं रागावतात, आणि नेमक्या इथेच मोठी माणसं 'तेव्हाचे लोक अडाणी होते' म्हणून विषय गुंडाळतात. तसं करू नका. मी मुलांना आमच्या घरचं सांगते. माझ्या आजीच्या पडवीत, खांबामागच्या कोनाड्यात, एक कानतुटका कप आणि जर्मनची ताटली वेगळी ठेवलेली असे. लावणीला येणाऱ्या गड्यांसाठी. चहा पिऊन झाला की गडी स्वतःच कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. आजी दुष्ट नव्हती. आम्हाला गोष्टी सांगणारी, कोणी उपाशी जाऊ नये म्हणून धडपडणारी बाई होती, आणि तरी तो कप तिनंच ठेवला होता. हे दोन्ही एकाच बाईबद्दल खरं आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला समजतं. आपल्याला वाटतं त्याहून लवकर समजतं. तुमच्या घरी असा कप होता का, हे आधी तुमच्या आईला नाहीतर आत्याला विचारून घ्या. उत्तर 'आमच्याकडे नव्हतं हो असलं काही' असं आलं, तर पुन्हा एकदा विचारा.

दुसरी गोष्ट मी कर्जत स्टेशनच्या फलाटावर सांगते. तुम्हाला खोपोलीचा फलाट जवळ असेल तर तोही चालेल. १९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून चार मुलं निघाली आहेत. अंगावर नवे कपडे, बरोबर डबा. खटाव तालुक्यात गोरेगावला वडील नोकरीला, त्यांना भेटायला चालली आहेत. मसूर स्टेशनवर उतरतात तर घ्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करतो, आणि जात कळताच मागे सरकतो. बैलगाडीवाला न्यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एक जण तयार होतो, तो बाजूनं चालतो. वाटेत पाणी कोणी देत नाही आणि पाण्याशिवाय डबा खाता येत नाही. मुलं उपाशीच झोपतात. त्या चौघांतला एक नऊ-दहा वर्षांचा, नाव भीमराव. नाव शेवटी सांगायचं. बाबासाहेबांनी ही हकिकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. गोष्ट संपल्यावर कोणीतरी उठून फलाटावरच्या नळाला तोंड लावतं, आणि मग आपल्याच हाताकडे बघतं. त्या वेळी गप्प बसायचं.

यानंतर वही काढायची. गावाचा नकाशा. गावठाण, देऊळ, शाळा, विहिरी, टाकी, बौद्धवाडी, कातकरीवाडी, ठाकूरवाडी, आता नव्यानं आलेले बंगले आणि फार्महाउस. कर्जत-खालापुरात अशा वाड्या नसलेलं गाव क्वचितच. मुलं रोज त्यांच्या बाजूनं जातात, पण वाड्या गावापासून लांब का आणि बहुतेक एका ठरावीक बाजूलाच का, हा प्रश्न कधी पडलेला नसतो. कागदावर काढलं की पडतो. आमच्या एका नकाशात तिसरीतल्या पोरानं एका पडक्या विहिरीवर 'जुनी, आमची' असं लिहिलं होतं. 'आमची' म्हणजे कोणाची, हे त्यानं आजोबांना विचारून पुढच्या रविवारी सांगितलं.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी मी बौद्धवाडीतल्या एका मुलाला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "तू सांग बाबासाहेबांबद्दल, तुला जास्त माहीत असेल." तो दोन-तीन वाक्यं बोलला, खाली मान घालून जागेवर गेला आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही. मी वाडीत गेले. त्याची आजी अंगणात तांदूळ निवडत होती. मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि म्हणाली, "बाई, त्याला चेंडू टाकायला सांगा, भाषण नका सांगू. बाकीच्यांच्या पोरांना सांगा की भाषण." मला माझं उत्तर मिळालं. वर्गात किंवा गटात सगळ्या घरांतली मुलं असतील, तर ज्याच्या घरानं सोसलं त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका. गोष्ट सगळ्यांची आहे. कप ठेवणाऱ्या घरातल्या मुलानंही ती सांगायला शिकलं पाहिजे, उलट त्यानं आधी.

हेच शब्दांबाबत. जुन्या लेखनात जातींची नावं जशीच्या तशी येतात. ती वाचताना आपण अडखळतो नाहीतर आवाज खाली आणतो, आणि मुलाला वाटतं की ही शिवी आहे. मी सरळ सांगते: हे त्या समाजाचं नाव आहे, लिहिणाऱ्यानं स्वतःबद्दल वापरलं आहे, आणि चिडवायला वापरलं तर तो गुन्हा आहे. 'अस्पृश्य होते' असं न म्हणता 'अस्पृश्य मानलं जायचं' म्हणायचं. कोणी मानलं, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

मुक्ता साळवे ही मुलांची सर्वांत आवडती व्हायला हवी, कारण ती स्वतः शाळकरी मुलगी होती. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातल्या या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या शाळांतून निबंध म्हणजे 'माझा आवडता प्राणी'. एका शाळकरी मुलीनं निबंधातून थेट धर्माला आणि राज्यकर्त्यांना जाब विचारला होता, हे कळल्यावर पाचवीतल्या पोरी ताठ बसतात. निबंध लहान आहे, भाषा जुनी आहे, आधी तुम्ही वाचून घ्या आणि निवडक भाग मोठ्यानं वाचा.

अण्णाभाऊ साठ्यांची गोष्ट सांगताना एक सापळा आहे. वाटेगावचा हा मुलगा जेमतेम दीड दिवस शाळेत गेला, हे ऐकून पोरं टाळ्या वाजवतात. पुढे त्यानं १९५९ साली 'फकिरा' लिहिली, त्याचे पोवाडे गिरणगावानं डोक्यावर घेतले, १९६१ मध्ये तो रशियाला जाऊन आला, आणि मग मुलांचा निष्कर्ष तयार: शाळा नकोच! तेव्हा तिथेच थांबवून विचारा, दीड दिवसातच का सुटली? त्या काळच्या शाळेत मांगाच्या पोराला कुठे बसवत आणि मास्तर कसं वागवत, ते सांगा. मग खोपोलीतून वर बोरघाटाकडे बोट दाखवा आणि सांगा की हा पोरगा आईबापाबरोबर वाटेगावाहून मुंबईला पायी आला, तीनशेच्या वर किलोमीटर. आमची मुलं एकदा शीळफाट्यापर्यंत चालून दमली, त्या दिवशी अण्णाभाऊ त्यांना जास्त कळले.

गिरणीचाही एक तपशील द्यायलाच हवा. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता, पण धोट्यातून धागा ओढताना तो तोंडानं ओढावा लागे. त्यामुळे दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत, दुसऱ्या कामगारांचाच विरोध असे. धोट्याचं चित्र काढून दाखवा. यंत्र नवं, विटाळ जुना, हे मुलांना एका चित्रात दिसतं.

शाहिरांबद्दल लिहून उपयोग नाही, ऐकवायला हवेत. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि पुढे आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहीत, गात राहिले. फोनवर त्यांची गाणी सहज मिळतात. लहान मुलांना आधी नुसता ठेका धरू द्या, अर्थ दोन वर्षांनी विचारतील. आणि बाबासाहेबांच्या जयंतीला गावच्या बौद्धवाडीत जा. शाळेतला कार्यक्रम उरकला म्हणजे झालं असं मानू नका. पण बघायला जाऊ नका, बोलावणं येईल एवढी ओळख आधी वर्षभर ठेवा, आणि गेलात तर जेवून या. मुलांना पंगतीत बसवा. डीजेच्या आवाजाबद्दल तक्रार असेल तर ती गणपतीतही करत असाल तरच करा.

पुस्तकांचं म्हणाल तर वयाचं भान ठेवावं लागतं. 'भीमायन' हे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांचं चित्रमय पुस्तक आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे उघडून ठेवलं तरी पुरे, चित्रं बोलतात. तेरा-चौदाच्या पुढे ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. कोकणातलं आहे, त्यातली आई बांबूच्या वस्तू विणते, आणि आमच्याकडच्या मुलांना सूप-टोपलीचा अर्थ सांगावा लागत नाही. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि दया पवारांचं 'बलुतं' मी दहावीच्या आत पूर्ण वाचायला देत नाही, उतारे वाचून दाखवते. त्यातली हिंसा आणि भूक खोटी नाही, पण मूल एकटं असताना त्याच्या अंगावर सोडू नये. पुस्तकं विकत घ्यायची असतील तर ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, दादरला शिवाजी पार्कात जा. लोकलला गर्दी असते, पण इतकी पुस्तकं इतक्या कमी पैशांत एका जागी दुसरीकडे मिळत नाहीत, आणि पुस्तकांसाठी रांगेत उभी असलेली हजारो माणसं मुलांनी एकदा पाहावीत.

थोडी मोठी मुलं विचारतात, असं फक्त आपल्याकडेच होतं का? तेव्हा अमेरिकेत जायचं, आधी नाही. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या संमेलनात मी रोझा पार्क्सवर इंग्रजी नाटिका पाहिली. छान बसवली होती. त्यातल्या एकाही मुलाला महाडचं तळं माहीत नव्हतं, आणि महाड याच रायगड जिल्ह्यात. कृष्णवर्णीय रोझा पार्क्स गोऱ्या माणसासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही ते १९५५ साल, चवदार तळं १९२७. जोडी लावून सांगितलं की दोन्ही बाजू उजळतात. बाळूबरोबर जॅकी रॉबिन्सन, जो १९४७ मध्ये गोऱ्यांच्या बेसबॉल लीगमध्ये उतरला. वामनदादांबरोबर मेरियन अँडरसन ही गायिका, जिला वॉशिंग्टनच्या सभागृहानं रंगामुळे जागा नाकारली आणि १९३९ मध्ये ती लिंकनच्या स्मारकापुढे उघड्यावर पाऊण लाख लोकांसमोर गायली. फुल्यांनी १८७३ सालची 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती आणि १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं. हा धागा दाखवताना एक फरक मात्र सांगाच: रंग दिसतो, जात विचारावी लागते. म्हणून आपल्याकडे पहिल्या भेटीत आडनाव विचारतात, आणि आडनावावरून नाही कळलं तर गाव.

आपल्या नायकांत मतभेद होते, तेही लपवू नये. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसतर्फे उभा राहिला तो हाच बाळू पालवणकर, आणि हरला. मुलं विचारतात, मग आपण कोणाच्या बाजूनं? मी म्हणते, वाचून ठरवा.

वेळापत्रकाचं शेवटचं, आणि आमच्या भागात हे फार महत्त्वाचं. कातकरी मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. गट जूनमध्ये सुरू करा. १ ऑगस्टला अण्णाभाऊ, १५ ऑगस्टला वामनदादा, १५ ऑक्टोबरला सुर्वे यांच्या जयंत्या येतात, आणि २५ सप्टेंबरला चिरनेरचा दिवस. १९३० मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबारात पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांचं नाव आमच्याकडे प्रत्येक मुलाला येतं, नाग्याचं येत नाही. हे सगळे दिवस कातकरी मुलं वाडीत असताना येतात. एप्रिलवर सगळं ठेवलंत तर नेमकी तीच मुलं गैरहजर असतील.

आणि महाडला एकदा जाच. खोपोलीहून पेणमार्गे एसटीनं किंवा गाडी ठरवून, पहाटे निघालात तर एका दिवसात परत येता येतं. जवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन १८८८ मध्येच अस्पृश्यतेवर पुस्तक लिहून बसले होते, हे वाटेत सांगा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्याचं पाणी प्यायली, नंतर त्यांच्यावर लाठ्या चालल्या, मग गावानं गोमूत्र-शेणानं तळं 'शुद्ध' केलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. हे तळ्याच्या पायरीवर बसून सांगा. २० मार्च २०२७ ला शंभर वर्षं होतात, त्या दिवशी गर्दी फार असेल, तेव्हा लहान मुलांना घेऊन आधीच्या एखाद्या साध्या रविवारी जा. तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊ द्या, पण प्यायचं पाणी मात्र घरून न्या, आणि बाटली सगळ्यांत एकच.